वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, तर जनुक तपासणी आधी कुणाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे. कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या, तर स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात कॅन्सर निघाला, आता केमो सुरू आहे. आत्याला चाळिशीच्या सुरुवातीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. तुम्ही ३८ वर्षांच्या, भाऊ ४४ चा. एका लॅबने लाळेवरून कॅन्सरची 'रिस्क' सांगणारी टेस्ट सुचवली आहे, आणि ती तुम्ही दोघा भावंडांनी करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

आत्ता नको. आधी वडिलांची तपासणी करा, आणि ती लांबवू नका. पुढच्या केमोला सलाईनची सुई लागेल तेव्हाच जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त जास्तीचं काढून घ्यायला सांगा. केमो चालू असल्यामुळे ही तपासणी अडत नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल तर तेवढं लॅबला सांगा, ते किती दिवस थांबायचं ते कळवतील. हे मी इतक्या घाईने सांगतो आहे, कारण हा आजार फार वेळ देत नाही. कुटुंबाला जनुकांचा प्रश्न सुचतो तोपर्यंत ज्या माणसाच्या रक्तात त्याचं उत्तर होतं तो माणूस गेलेला असतो, हे मी ओपीडीत वारंवार पाहतो आणि दर वेळी हळहळतो.

आधी वडीलच का? समजा तुमची टेस्ट केली आणि ती 'निगेटिव्ह' आली. तिचा अर्थ काय लावायचा? वडिलांकडे सदोष जनुक होतं आणि ते सुदैवाने तुमच्याकडे आलं नाही, असा एक अर्थ. वडिलांकडेही काही नव्हतं, हा दुसरा. आणि घरात काहीतरी आहे पण या टेस्टला ते पकडता येत नाही, हा तिसरा. पहिल्या अर्थाने तुम्ही निश्चिंत होऊ शकता, तिसऱ्या अर्थाने अजिबात नाही, आणि नुसता तुमचा रिपोर्ट पाहून यातलं कोणतं खरं हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. वडिलांच्या रक्तात नेमका बदल सापडला, तर तुमच्यात आणि भावात तेवढीच एक जागा तपासायची. ती तपासणी स्वस्त असते आणि तिचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकं स्वच्छ मिळतं. प्रत्येक अपत्याकडे तो बदल येण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो वा मुलगी.

वडिलांच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर पुढे कधी 'के-रास म्युटेशन' (के-रास नावाच्या जनुकातला बदल) असा शब्द दिसला तर घाबरू नका. जनुकांतले बदल दोन प्रकारचे असतात. एक जन्मतःच शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, तो आईवडिलांकडून येतो आणि मुलांकडे जाऊ शकतो. दुसरा फक्त गाठीच्या पेशींत, आयुष्याच्या ओघात घडलेला. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास गाठींत के-रास बिघडलेलं सापडतंच, जोडीला टीपी-५३, सीडीकेएन-२ए आणि स्मॅड-४ ही जनुकं. हे सगळं बहुधा गाठीपुरतं. गाठीची तपासणी झाली म्हणजे आनुवंशिक तपासणी झाली, असा समज रुग्णांमध्येच नाही तर कधीकधी डॉक्टरांमध्येही असतो. तो चुकीचा आहे. आनुवंशिक बदलासाठी रक्त किंवा लाळ वेगळी द्यावी लागते.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांत जन्मजात सदोष जनुक सापडतं. घराण्यात कुणालाच कॅन्सर नाही अशा रुग्णांतही सुमारे ४ टक्के जणांत ते निघतं. त्यामुळे 'आमच्यात कुणाला नव्हतं' हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही. २०१९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनी हा कॅन्सर झालेल्या प्रत्येकाची आनुवंशिक तपासणी करावी असं म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे अजून ते सवयीचं झालेलं नाही. डॉक्टरांनी स्वतःहून विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

तुमच्या घरची हकीकत ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं नाव आलं ते बीआरसीए-२ चं, अर्थात आत्यामुळे. डीएनएचे दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर ते बिनचूक जोडण्याच्या कामात हे जनुक लागतं. लोक त्याला स्तनाच्या कॅन्सरचं जनुक म्हणून ओळखतात, पण स्वादुपिंडाशी त्याचं नातं पहिल्यापासूनचं आहे. तेराव्या गुणसूत्रावर त्याचा शोध चालू असताना अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना स्वादुपिंडाच्या एका कॅन्सरमध्ये त्या भागाचा तुकडाच गहाळ झालेला दिसला. त्यामुळे शोधाचा टापू आखडला आणि १९९५ साली जनुक हाती लागलं. सदोष बीआरसीए-२ असलेल्या माणसाला आयुष्यभरात स्वादुपिंडाचा कॅन्सर होण्याची शक्यता ५ ते १० टक्के धरतात. बीआरसीए-१ मध्ये ती त्याहून कमी.

त्याच दुरुस्तीच्या कामात बीआरसीए-२ ला हात देणारं जनुक म्हणजे पीएएलबी-२. त्याचा या कॅन्सरशी संबंध २००९ साली उघड झाला, जोखीम २ ते ५ टक्के. एटीएम हे तिसरं, जोखीम पुन्हा ५ ते १० टक्क्यांच्या घरात. ही तिन्ही जनुकं स्तनाच्या कॅन्सरचीही जोखीम वाढवतात. त्यामुळे एका भावाला स्वादुपिंडाचा आणि त्याच्या सख्ख्या बहिणीला कमी वयात स्तनाचा कॅन्सर, हे चित्र दिसलं की आम्ही कान टवकारतो. स्तनाचा कॅन्सर म्हटलं की फक्त आईचं माहेर विचारायचं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तो सोडा. ही जनुकं बापाकडूनही तितकीच येतात.

आता हे टक्के कसे वाचायचे. पाच टक्के म्हणजे ज्यांच्यात तो दोष आहे अशा शंभरांपैकी पंचाण्णव जणांना आयुष्यात स्वादुपिंडाचा कॅन्सर होणार नाही. अमेरिकेत सर्वसाधारण माणसाची आयुष्यभराची जोखीम पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आहे, भारतात हा कॅन्सर त्याहून बराच कमी आढळतो. शिवाय वरचे बहुतेक आकडे युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांवरून काढलेले आहेत. आपल्या घराला ते दिशा दाखवायला वापरावेत, त्यांवरून भविष्य वर्तवू नये.

बाकीची जनुकं भरभर सांगतो. सीडीकेएन-२ए जन्मजात सदोष असेल तर जोखीम १५ टक्क्यांच्या वर जाते. अशा घराण्यांत मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सरही दिसतो, नेदरलँड्समध्ये अशी घराणी बरीच आहेत, आपल्याकडे क्वचित. एसटीके-११ मुळे पॉइट्झ-येगर्स नावाचा विकार होतो. लहानपणापासून ओठांवर, गालाच्या आतल्या बाजूला काळपट ठिपके आणि आतड्यात कोंब (पॉलिप), अशी त्याची ओळख. जोखीम याच्यातही खूप जास्त, पण विकारच दुर्मीळ. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर मुख्य, स्वादुपिंडाचा त्यामागून येतो.

एक गट मात्र आपल्या देशाशी जवळचं नातं सांगणारा आहे, त्याबद्दल जरा सविस्तर बोलतो. स्वादुपिंड पचनाचे रस तयार करतं. त्यांतलं ट्रिप्सिन आतड्यात पोचल्यावर जागं व्हायचं असतं. ते ग्रंथीतच जागं झालं तर ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. पीआरएसएस-१ या जनुकात ठरावीक बदल असेल तर हे वारंवार घडतं. मुलांना दहा-बारा वर्षांपासून पोटदुखीचे झटके येतात, पुढे ग्रंथी निबर होते आणि कॅन्सरची जोखीम खूप वाढते. हा दोष १९९६ साली सापडला. तो भारतात फारसा आढळत नाही. आपल्याकडे दिसतो तो स्पिंक-१ मधला एन-३४-एस हा बदल. अवेळी जाग्या झालेल्या ट्रिप्सिनला लगाम घालणं हे स्पिंक-१ चं काम.

केरळमध्ये आणि दक्षिणेत इतरत्र तरुण वयातच स्वादुपिंडात खडे, पोटदुखी आणि मधुमेह होणारे रुग्ण अनेक दशकं नोंदले गेले. त्याचा दोष बराच काळ टॅपिओका (साबुदाणा ज्याचा करतात तो कंद) खाण्याला दिला जायचा. २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेसह काही गटांनी दाखवलं की अशा रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांत एन-३४-एस असतो, तर निरोगी लोकांत तो शंभरात जेमतेम दोन-चार जणांत. वर्षानुवर्षांची सूज आणि खडे असलेल्या या रुग्णांत कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसतं, हे केरळ आणि चेन्नईच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकातच लिहून ठेवलं होतं. पण नीट लक्षात घ्या, धोका आहे तो जुनाट सुजेचा. नुसता एन-३४-एस असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर ठणठणीत राहतात. लाळेच्या टेस्टमध्ये तो निघाला म्हणून कुणी झोप उडवून घेऊ नये.

त्या लाळेच्या टेस्टकडे वळतो. बाजारात मिळणाऱ्या अशा बऱ्याच टेस्ट सर्वत्र आढळणाऱ्या, अगदी किरकोळ परिणामाच्या बदलांवरून जोखमीचा आकडा काढतात. त्यांतला तुम्हाला सहज समजेल असा एक म्हणजे रक्तगट. २००९ साली मोठ्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं की एबीओ रक्तगट ठरवणाऱ्या जागेचा स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी संबंध आहे. ओ गटापेक्षा ए, बी आणि एबी गटाच्या लोकांत तो थोडा जास्त आढळतो. बी गटात त्या अमेरिकी अभ्यासात साधारण पावणेदोन पट. आता महाराष्ट्रात बी गटाची माणसं घरोघरी आहेत. शास्त्राच्या दृष्टीने हा धागा मोलाचा आहे, पण तुमचा गट बी पॉझिटिव्ह आहे म्हणून मी एकही वेगळी तपासणी सांगणार नाही. अशा डझनभर किरकोळ बदलांची बेरीज करून रंगीत आलेख छापून आला, तरी बीआरसीए-२ पूर्ण वाचलेलं नसेल तर तुमच्या घराच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. म्हणून लॅबला एकच विचारा: बीआरसीए-१, बीआरसीए-२, पीएएलबी-२, एटीएम, सीडीकेएन-२ए, एसटीके-११, टीपी-५३ आणि लिंचची जनुकं तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता का, आणि त्यांतले मोठे तुकडे गहाळ असतील तर तेही पकडता का?

वडिलांचं रक्त गेलं की रिपोर्ट येईपर्यंत घरात बसून वंशावळ काढा. आम्ही पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ काढतो, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारतो आणि रुग्णाकडे बाण दाखवतो. प्रत्येकाच्या खाली आजार, तो झाला तेव्हाचं वय, आणि गेल्याचं वय. यात चुलत्यांची नावं पटापट येतात, पण लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि आजीच्या बहिणी निसटतात. नेमक्या त्याच हव्या असतात. काकू, मामी, आत्याचे यजमान यांचे आजार मोजायचे नाहीत, रक्ताचं नातं नाही.

जुने मृत्यू विचारताना शब्दांवर थांबू नका. 'आजोबा काविळीने गेले' असं मला फार घरांत सांगतात. मग मी विचारतो, वय किती होतं? साठी उलटलेली. ताप होता का? नव्हता. अंगाला खाज? हो, रात्रभर खाजवायचे. शौचाचा रंग पांढुरका? आजीला आठवतं, हो. वजन? दोन महिन्यांत कपडे ढगळ झाले. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं, गुण आला नाही. ही साथीची कावीळ वाटत नाही, पित्ताची वाट गाठीने अडल्यावर होते तशी वाटते. अशी नोंद मी 'बहुधा' म्हणून वंशावळीत घालतो. तसंच 'पोटात पाणी झालं होतं' अशी पन्नाशीत गेलेली आजीची बहीण दिसली की अंडाशयाचा कॅन्सर होता का, हे खोदून विचारतो. जुन्या पिशवीत एखादा हॉस्पिटलचा कागद सापडला तर तो सोन्यासारखा.

वडिलांचा रिपोर्ट तीनपैकी एका प्रकारचा येईल. दोष सापडला, काही सापडलं नाही, किंवा 'अर्थ अनिश्चित' असा बदल सापडला. या तिसऱ्याने सर्वांत जास्त गोंधळ होतो आणि भारतीयांत तो जास्त येतो, कारण तुलनेसाठीची जागतिक माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. जीनोमइंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले, त्यामुळे हे हळूहळू सुधारेल. तोवर नियम ठाम ठेवा: अनिश्चित बदलावरून कोणताही निर्णय घ्यायचा नाही, ऑपरेशन तर नाहीच, आणि नातेवाइकांना त्यासाठी तपासायलाही बोलवायचं नाही. दर वर्ष-दोन वर्षांनी लॅबला अर्थ बदलला का, एवढं विचारायचं.

काहीच सापडलं नाही, तरी घराण्याचा इतिहास पुसला जात नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे वडील, भाऊ आणि दोन्ही बहिणी अशी चार माणसं याच कॅन्सरने गेली. कार्टर स्वतः शंभर वर्षं जगले आणि २०२४ च्या डिसेंबरात वारले. घरात धूम्रपान न करणारे आपण एकटेच, हा फरक ते स्वतः सांगत. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण धूम्रपानाने हा कॅन्सर साधारण दुपटीने वाढतो हे पक्कं ठरलेलं आहे, आणि पीआरएसएस-१ च्या कुटुंबांत सिगारेट ओढणाऱ्यांना तो सुमारे वीस वर्षं आधी गाठतो. तुमचा भाऊ ओढत असेल तर जनुकाच्या रिपोर्टची वाट न पाहता आज सोडायला सांगा. जनुकं बदलता येत नाहीत, ही सवय बदलता येते.

दोष सापडलाच, तर पहिला उपयोग वडिलांना आहे. बीआरसीए किंवा पीएएलबी-२ च्या दोषातल्या गाठी केमोतल्या प्लॅटिनमयुक्त औषधांना बहुधा चांगली दाद देतात, त्यामुळे केमोची निवड बदलू शकते. बीआरसीए असेल आणि आजार पसरलेला असूनही प्लॅटिनमच्या केमोवर आटोक्यात राहिला असेल, तर ओलापॅरिबच्या गोळ्यांचा विचार होतो. २०१९ च्या पोलो चाचणीत या गोळ्यांवर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य मात्र ठळकपणे वाढलेलं दिसलं नाही, हेही तुम्हाला माहीत असायला हवं.

मग तुमची आणि भावाची तेवढीच एक जागा तपासायची. तुमच्यात बीआरसीए-२ चा दोष निघाला, तर माझी पहिली काळजी स्वादुपिंडाची नसेल, स्तनाची आणि अंडाशयाची असेल. त्या दोषात बाईला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या जवळ जाते, अंडाशयाचा सतरा टक्क्यांच्या आसपास. स्तनांचं दरवर्षी एमआरआय, अंडाशय आणि बीजनलिका कोणत्या वयात काढाव्यात, हे प्रश्न ३८ व्या वर्षी तातडीचे आहेत. स्वादुपिंडाच्या भीतीत ते मागे पडू देऊ नका. भावाच्या बाबतीत प्रोस्टेटवर लक्ष ठेवावं लागेल.

स्वादुपिंडाची निगराणी म्हणजे वर्षातून एकदा एमआरआय-एमआरसीपी (स्वादुपिंड आणि पित्ताच्या नळ्या दाखवणारा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी. बीआरसीए-२ चा दोष आणि सख्ख्या नात्यात रुग्ण असेल तर ती पन्नाशीच्या सुमारास, किंवा घरातल्या सर्वांत लहान रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात. भावाला अजून काही वर्षं आहेत, तुम्हाला त्याहून जास्त. तिचा फायदा आहे: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या कॅप्स-५ अभ्यासात निगराणीत सापडलेल्या ९ कॅन्सरपैकी ७ पहिल्या टप्प्यात होते. एरवी हा आजार बहुतेकांत पसरल्यावरच कळतो आणि पाच वर्षं जगणारे अमेरिकेतही तेरा टक्क्यांच्या आसपास. पण ही निगराणी ज्यांची जोखीम खरोखर जास्त आहे त्यांच्यासाठीच. सगळ्यांनी केली तर निरुपद्रवी पाण्याच्या गाठी सापडून नाहक ऑपरेशनं होतील.

दरवर्षी साधी सोनोग्राफी आणि सीए १९-९ ची (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणाऱ्या एका घटकाची) रक्त तपासणी करून घेतो, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. त्यावर विसंबू नका. साध्या सोनोग्राफीत गॅसमुळे स्वादुपिंड पुष्कळदा नीट दिसतच नाही. सीए १९-९ साध्या पित्ताच्या अडथळ्यातही वाढतं, आणि पाच-दहा टक्के लोकांच्या जनुकांतच असा फरक असतो की ते त्यांच्या शरीरात तयारच होत नाही, कॅन्सर असला तरी. त्यापेक्षा पन्नाशीनंतर वजन उतरत असताना अचानक मधुमेह निघाला, किंवा न दुखता कावीळ झाली, तर आठवडाभरात पोटाचा सीटी स्कॅन करून घ्या.

अजून एक गोष्ट, आपल्याकडे मामे-आते भावंडांत लग्नं होतात म्हणून सांगतो. बीआरसीए-२ किंवा पीएएलबी-२ चा दोष नवरा-बायको दोघांकडे असेल तर बाळाला दोन्हीकडून मिळून फॅन्कोनी अॅनिमिया होऊ शकतो, एटीएमचा असेल तर अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया. दोन्ही गंभीर आजार आहेत. घरात असं नातं झालेलं किंवा ठरत असेल तर जनुकीय समुपदेशकाला आवर्जून सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलांची तपासणी मात्र आत्ता करायची नाही, या जनुकांचे कॅन्सर त्या वयात होत नाहीत आणि निर्णय मोठं झाल्यावर त्यांचा त्यांनी घ्यायचा. आत्या हयात असतील तर त्यांना आणि त्यांच्या मुलांना वडिलांचा रिपोर्ट द्या, त्यांचा हक्क तुमच्याइतकाच आहे.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक चालतं, मोठ्या शहरांतल्या इतर कॅन्सर रुग्णालयांतही समुपदेशक भेटतात. जाताना वडिलांचा बायोप्सी रिपोर्ट, सीटी स्कॅनचा कागद, आत्याच्या ऑपरेशनचे कागद आणि काढलेली वंशावळ घेऊन जा. रक्त देण्याआधी वडिलांना ही तपासणी कशासाठी आहे हे त्यांच्या भाषेत नीट सांगा आणि संमतीच्या कागदावर रिपोर्ट कुणाला द्यायचा तिथे तुमचं किंवा भावाचं नाव त्यांच्याकडूनच लिहून घ्या. पूर्ण तपासणीचे पैसे आत्ता उभे राहत नसतील, तर निदान त्यांचा डीएनए काढून जपून ठेवण्याची सोय त्या लॅबमध्ये आहे का, ते विचारा.